दाराजवळची फरशी

माझ्या वहिनीचं नाव मायवाय. पाद्र्याने डोक्यावर पाणी घालून दिलेलं नाव लिओनोर, पण ते फक्त रविवारी चर्चच्या दारात हजेरी घेताना कामाला यायचं. एरवी कोणी त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघायची, आपल्यामागे दुसरी कोण उभी आहे म्हणून.

या गावात एकामागून एक पाद्री आले, बदलून गेले, एक तर इथेच मेला. त्यांतल्या प्रत्येकाने भर प्रार्थनेत माझ्या वहिनीचं कौतुक केलं. "या म्हातारीकडून शिका," ते म्हणायचे. "रोज येते. दाराजवळच्या गार फरशीवर बसते. पुढे यायची हाव नाही, पाय दुखले म्हणून तक्रार नाही." आम्ही बायका शालीत तोंड लपवायचो. पाद्र्याला वाटायचं, लाजल्या.

ती त्याच फरशीवर का बसायची ते सांगते. ज्यांना कळायला नको त्यांना आमची भाषा येत नाही, आणि वहिनी आता कोणाच्या भीतीच्या पलीकडे गेली आहे.

ती आमच्या घरात आली पलीकडच्या दरीतून, पाठीवर माग बांधून. पहिल्याच दिवशी माझ्या आईला म्हणाली, "सासूबाई, तुमचे बटाटे छान आहेत, पण सूत फार वाईट कातता हो." आईने कितीतरी दिवस अबोला धरला. मग एकदा तिच्या हातचं सूत बघितलं आणि स्वतःची चाती मुकाट्याने कोनाड्यात ठेवून दिली. माझा भाऊ आलोन्सो तोंडाने मुका नव्हता इतकंच. घरातलं दोघांचं बोलणं वहिनीच बोलायची. विणताना धागे घट्ट बसवायला आम्ही लामाच्या, म्हणजे आमच्या ओझं वाहणाऱ्या लोकरीच्या जनावराच्या, हाडाचं एक टोकदार हत्यार वापरतो. ते तिच्या कमरेच्या पट्ट्यात कायम खोचलेलं असे. भांडताना ती ते हाड नाचवायची, म्हणून तिच्याशी लांबूनच भांडावं लागे.

आमचं खरं गाव वर, डोंगराच्या खांद्यावर. आजोबांच्या काळात गोऱ्यांनी सगळ्यांना खाली हाकलून आणलं, घरांची छपरं जाळली आणि इथे सरळ गल्ल्या आखून दिल्या. चौकात उभं राहिलं की पाद्र्याला प्रत्येक दार दिसतं. कोण बाहेर पडलं, कोण आलं नाही, कोणाची चूल पेटली नाही, सगळं. मेंढरं घेऊन वर जायचं तर विचारून जायचं. घंटा झाली की यायचं, नाही आलं की पाठीवर फटके.

पण गुहा वरच राहिल्या. गुहांत आमची माणसं बसलेली आहेत, गुडघे छातीशी घेऊन, अंगावर चांगलं कापड लेवून. मका तयार व्हायच्या आधी वर्षातून एकदा आम्ही चोरून जातो, त्यांचे कपडे बदलतो, मक्याची आंबवलेली दारू, चिचा, पाजतो आणि वर्षभरात काय काय झालं ते सांगतो. त्यांना सगळं कळलं पाहिजे. माणूस मेला म्हणून त्याला घरच्या गोष्टी सांगायच्या बंद करायच्या, ही कुठली रीत?

आलोन्सो खाणीच्या सक्तीच्या पाळीवर गेला आणि खोकत परत आला. तो गेला तेव्हा पाद्र्याने त्याला चर्चच्या आत, दाराजवळच्या मातीत पुरला. वेदीजवळची जागा मोठ्या लोकांची. दाराजवळ आमच्यासारखे, जिथून सगळ्यांचे पाय जातात. त्याला उताणा झोपवला, हात छातीवर बांधले आणि वरून माती चोपली. चोपताना वहिनीने माझा दंड असा धरला की नखं रुतली.

आमच्यात माणूस गेला की उंबऱ्यात राख पसरतात. पाचव्या दिवसापर्यंत तो एकदा घरी येऊन जातो, त्याचं पाऊल राखेत उमटतं. आलोन्सोचं उमटलं नाही. वहिनीने पाचव्या दिवसानंतरही राख पसरली. आमच्यात असं कोणी करत नाही. रोज सकाळी ती उंबऱ्यापाशी ओणवी होऊन बघायची. कधी कोंबडीची नखं, कधी कुत्र्याचा पंजा.

"कोल्के," ती मला म्हणाली, "तो न येणारा माणूस नाही. त्याला उठताच येत नाहीये. त्याच्या छातीवर माती आहे आणि मातीवर सगळं गाव उभं राहतंय."

रविवारी त्या जागेवर पाय पडू नये म्हणून ती भिंतीला घासून आत जायची. मीही तशीच जायला लागले.

आणि मग पाद्र्याच्या डोक्यात फरशी शिरली. मोठ्या शहरातून कोणी मोठा धर्माधिकारी तपासणीला येणार होता, त्याला मातीची जमीन कशी दाखवायची? आमच्याच पुरुषांना दगड कापायला लावलं, आमच्याच पाठींवरून ते खाली आणवले. वेदीकडून काम सुरू झालं. रोज एक ओळ बसायची आणि दाराकडे सरकायची. वहिनी कामकऱ्यांना चिचा घेऊन जायची आणि येताना तिचा चेहरा राखेसारखा असायचा. एकदा दगड बसला की तो उचलायला माणसं लागणार, आवाज होणार. मग आलोन्सो कायमचा आत.

चर्चची किल्ली गास्पारकडे असे. गास्पार काळा माणूस, समुद्रापलीकडच्या मुलखातून पोरगा असताना धरून आणलेला. आमच्या पाद्र्याने त्याला किनाऱ्यावर विकत घेतला होता. घंटा तो वाजवायचा, पाद्र्याच्या कोंबड्या तो सांभाळायचा आणि फटकेही तोच मारायचा. त्याच्याशी गावात कोणी बोलत नसे. चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून एक खोपटं होतं, त्यात तो एकटा राही.

वहिनी भर दुपारी चिचेचं मडकं घेऊन तिथे गेली. मी मागे होतेच.

"फुकट आहे?" गास्पारने मडक्याकडे बघत विचारलं. आमची भाषा तो मोडकीतोडकी बोलायचा, शिव्या मात्र अस्सल द्यायचा.

"फुकट काय असतं जगात?"

"मग आधी बोल, बाई. नंतर पितो."

"माझा नवरा दाराजवळ पुरलाय. त्याला बाहेर काढायचाय."

गास्पार मोठ्याने हसला. "मेलेल्याला बाहेर काढायचाय! अगं, मी इथे जिता आहे, मला कोणी काढत नाही."

"तू फक्त दार उघड. पाद्री शेजारच्या गावी सणाला जाईल तेव्हा. आपले पुरुषही मेंढरं कातरायला वर असतील."

"सापडलो तर तुम्हाला फटके. मला तो खाणीवर विकेल." त्याने मडकं तोंडाला लावलं, बराच वेळ प्यायला आणि तोंड पुसलं. "वर नेऊन काय करणार त्याचं?"

"बसेल तो."

"बसेल? नुसता?"

"आपल्या माणसांत बसेल. नवे कपडे मिळतील, प्यायला मिळेल. कोणीतरी येऊन घरचं सांगेल."

गास्पारने मडकं खाली ठेवलं.

"माझा भाऊ माझ्यासोबत होता जहाजावर," तो म्हणाला. "मेला तर पाण्यात टाकला. त्याला कोण कपडे देतंय? मी मेलो की मलाही याच दारात गाडणार. जन्मभर इथली घंटा वाजवायची आणि मेल्यावर तिच्याचखाली पडायचं. नाही पडायचं मला इथे. दार उघडतो, पण मी मेलो की मलाही तिथे वर नेऊन बसव."

मी वहिनीला ओढतच बाहेर आणली. "वहिनी, डोकं फिरलं का तुझं? त्याने आपल्या माणसांच्या पाठी सोलल्यात! आणि गुहेत परका माणूस? आजोबांच्या मांडीला मांडी लावून?"

"चाबूक त्याच्या हातात कोणी दिला, तेही बघ की."

"आणि आजोबा? ते काय म्हणतील?"

"आजोबांना मी सांगेन. रागावले तर काय उठून चालू पडणारेत?" आणि ती आत जाऊन गास्पारला म्हणाली, "बसशील तू. माझ्या नवऱ्याच्या शेजारची जागा माझी आहे. मी सरकून बसेन."

पाद्री गेला त्या सकाळी आम्ही चर्चमध्ये शिरलो. फरशी दारापासून दोन ओळींवर येऊन थांबली होती. गास्पारने खणलं, आम्ही हातांनी माती काढली. आमच्या डोंगरातली कोरडी माती. माझा भाऊ वाळून लाकडासारखा झाला होता. वहिनीने त्याच्या छातीवरचे बांधलेले हात सोडवले आणि त्याचे गुडघे हळूहळू जवळ आणले. ते सहज येत नव्हते. ती त्याच्याशी बोलत होती, "थोडं सोस, झालंच," पाय अवघडलेल्या माणसाला उठवताना म्हणतात तसं. शेवटी तो बसला. मी इतकी रडले की गास्पार मला म्हणाला, "हळू, बाई, घंटा वाजल्यासारखी रडतेस."

जमिनीतून काही घेतलं तर तिचं तोंड रिकामं ठेवायचं नाही. हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही, बटाटे काढतानाही आम्ही तिला काही ना काही देतो. वहिनीने चघळायची कोकाची पानं टाकली, चरबीचा गोळा टाकला आणि चिचेसाठी भिजवून मोड आणलेला मका मूठभर, वरच्या वर, मातीत मिसळून दिला. मीही एक मूठ दिली. गास्पारने विचारलं, "हे काय?" वहिनी म्हणाली, "तिचं तिला." त्याने माती चोपून सारखी केली. आलोन्सोला आम्ही लोकरीच्या गाठोड्यात घालून लामाच्या पाठीवर चढवला आणि चौकातून, सगळ्या दारांसमोरून, उजेडात घेऊन गेलो. लोकर वर नेताय की खाली आणताय, हे कोणी विचारलं नाही.

गुहेत त्याला आजोबांच्या शेजारी बसवला. वहिनीने त्याच्या अंगावर स्वतः विणलेला अंगरखा घातला, त्याच्या बाजूची जागा झाडली, बसून बघितली आणि म्हणाली, "दोघांना पुरेल." त्या दिवसाइतकी खूश मी तिला नंतर कधी बघितली नाही.

पुरुष परतल्यावर दोन दिवसांत उरलेल्या ओळी बसल्या. सांध्यांत भरायचा चुना मात्र खालच्या खोऱ्यातून यायचा होता, तो लांबला. आणि एका रविवारी, सगळे गुडघ्यांवर असताना, पाद्री पाणी शिंपडत दारापर्यंत आला आणि थांबला. दोन दगडांच्या फटीतून मक्याचं हिरवं पातं वर आलं होतं. दारातला उजेड नेमका त्याच्यावर पडला होता.

मला वाटलं आता तो ते उपटून टाकेल. त्याने दगड उचलायला लावला. दगडाखाली मक्याच्या कोंबांची एक सबंध जुडी होती, पिवळी पडलेली, वाट शोधत वाकलेली. मग त्याने खणायला लावलं. खड्डा रिकामा.

"इथे आलोन्सो याउरी होता," पाद्री म्हणाला आणि वहिनीकडे वळला. "लिओनोर, तुझा नवरा कुठे आहे?"

सगळ्यांना ठाऊक होतं पुढे काय. गावचं एक प्रेत गुहेत सापडलं की सगळ्या गुहा धुंडाळतात. आमच्या आजोबा-पणजोबांना चौकात आणून जाळतात आणि राख नदीत टाकतात, म्हणजे राखसुद्धा हाती लागू नये. पलीकडच्या दरीत, वहिनीच्या माहेरी, हेच झालं होतं. वहिनीने तोंड उघडलं. ती काय बोलणार होती ते मला आजही माहीत नाही.

तिच्या आधी गास्पार गुडघ्यांवर पडला. "मी काढला," तो म्हणाला. "कफनासाठी. कापड चांगलं होतं. विकलं आणि दारू प्यायलो. प्रेत नदीत टाकलं."

"आणि हा मका?"

"कोंबड्यांचा. माझ्या ओच्यात असतो, सांडला असेल."

पाद्र्याने त्याच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. तो मूर्ख नव्हता. पण तपासणी तोंडावर आली होती, आणि चर्चमध्ये एक काळा चोर निघणं त्याला परवडत होतं, सगळं गाव अजून जुन्या देवांचं आहे हे निघणं परवडत नव्हतं. त्याने गास्पारला चौकातल्या खांबाला बांधायला लावला. त्याच्याच खोपटातून त्याचाच चाबूक आणला आणि वहिनीच्या हातात दिला.

"ज्याच्या घरची चोरी, पहिला हात त्याचा," तो म्हणाला. "मार, लिओनोर. तुझ्या नवऱ्याला याने माशांपुढे टाकलंय."

वहिनी उभी राहिली. नाही मारलं तर कळणार, आणि मारायचं तर कोणाला? मी तिच्या मागेच होते. तिचा चाबकाचा हात नुसता लोंबत होता. सगळं गाव बघत होतं, पाद्री बघत होता. गास्पारने मान थोडी वळवली आणि आमच्या भाषेत, ओठ न हलवता म्हणाला, "जोरात, बाई. हळू मारलंस तर त्याला कळेल."

तिने मारलं. जोरात मारलं. विणणाऱ्या बाईचा हात होता तो, दिवसभर ओढायची सवय असलेला. मग पाद्र्याने गावातल्या इतरांनाही बोलावलं. ज्यांनी गास्पारकडून फटके खाल्ले होते ते पुढे झाले. आपला हिशोब चुकता करत होते बिचारे, त्यांना काय माहीत. आणि सांगायचं तरी कसं?

वहिनीला त्याच्याकडे जाता येईना. जिचं चोरलं ती चोराला काढा घेऊन कशी जाईल? मग मी गेले, पाद्र्याला म्हटलं, कोंबड्यांना दाणे टाकते. गास्पार पोटावर पालथा पडला होता. अंगात ताप फणफणलेला.

"तिचा हात भारी आहे," तो मला म्हणाला. "नवऱ्याला मारायची का?"

"फक्त तोंडाने."

तो हसला आणि हसताना कळवळला. "ती सरकून बसेन म्हणाली होती. तिला सांग, मी विसरलो नाही."

तो मेला. खड्डा उघडाच होता, दुसरा कोण खणत बसणार? पाद्र्याने त्याला आलोन्सोच्या जागेत घातला, उताणा, हात बांधून. दगड बसवला. त्याच आठवड्यात चुना आला आणि सगळे सांधे भरले. किल्ली तेव्हापासून पाद्र्याच्याच कमरेला असते. एक गेला की दुसऱ्याच्या.

त्या दिवशी वहिनीने पुन्हा उंबऱ्यात राख पसरली. कोणासाठी म्हणून मी विचारलं नाही.

आणि मग ती चर्चला जायला लागली. रोज, घंटेच्या आधी. दाराजवळच्या त्या फरशीवर पाय दुमडून बसायची, शाल भोवती पसरायची आणि पुटपुटायची. पाद्र्याला वाटायचं, जप. ती गास्पारला गावातलं सांगत असे: कोणाची मेंढी व्याली, कोण खाणीवर गेलं, नवा पाद्री किती जाडा आहे. आणि शालीखाली, तिच्या हातातलं ते लामाचं हाड चुन्याच्या सांध्यात फिरत असे. थोडा चुना निघाला की ती पदरात घ्यायची आणि बाहेर येऊन झटकायची. एक बाजू जवळजवळ मोकळी झाली की कोणा पाद्र्याच्या लक्षात यायचं, फरशी हलते म्हणून, आणि तो सांधे पुन्हा भरून घ्यायचा. आमच्याच पुरुषांकडून. वहिनी पुन्हा सुरू करायची. कितीदा झालं हे मी सांगू शकत नाही. हाड झिजून अंगठ्याएवढं झालं. मी तिला म्हटलं, "अगं, दुसरं घे की." ती म्हणाली, "हा दगड याला ओळखतो."

मी एकदा चिडले. म्हटलं, "वहिनी, तू नेहमी म्हणायचीस, आलोन्सोला उठता येत नाही. आता तो बसलाय वर. तू का स्वतःला पुरून घेतेस?"

"मग कोण बसेल याच्याजवळ? तू?"

मला गास्पारची दया येत होती आणि रागही येत होता, की मेला तोही आमच्याच गळ्यात पडून मेला. हा राग खोटा आहे हे मला कळतं. खरा राग ज्यांच्यावर आहे त्यांच्या घोड्याचा लगाम धरून मला उभं राहावं लागतं, त्यांना काय बोलू?

तिचं शेवटचं आजारपण मी काढलं. आम्ही आपसांत ठरवलं होतं, पुरतील तर पुरू देत, नंतर संधी बघून तिला काढू आणि आलोन्सोजवळ बसवू. तिने ते ओळखलं. माझा हात धरला, अगदी माती चोपताना धरला होता तसा.

"मला काढायचं नाही," ती म्हणाली. "त्याला काढल्याशिवाय मला हात लावायचा नाही. शब्द दे, कोल्के."

"दादा तिथे वाट बघतोय, वहिनी."

"त्याला आजोबा आहेत. गास्पारला कोण आहे?"

मी शब्द दिला. नवऱ्याशेजारची जागा तिने झाडून ठेवली होती, आणि ती खाली दाराजवळ उताणी पडली आहे, छातीवर हात बांधून, गास्पारच्या बाजूच्या दगडाखाली. पाद्र्याने पुरताना सांगितलं की अशी भाविक बाई त्याने पाहिली नव्हती.

ते हाड आता माझ्या कमरेला आहे. मी रोज जाते. पाद्री हल्ली माझंही नाव घ्यायला लागला आहे.

वर्षातून एकदा, अजून पाय चालतात तोवर, मी गुहेत जाते. भावाचा अंगरखा बदलते, त्याला चिचा देते, गावचं सांगते. शेजारची जागा झाडते. तो आयुष्यभर कमीच बोलला, पण त्याला काय विचारायचंय ते मला ठाऊक आहे, म्हणून जायच्या आधी मीच सांगून टाकते.

"अजून नाही रे, दादा. अजून नाही."